६९२ इंजिनाचे भाग : भंगार अड्ड्यावरून काय घ्यावे आणि काय घेऊ नये

आपली सविस्तर प्रतिक्रिया वाचली. टाटा १२१० ट्रकच्या ६९२ इंजिनाची पुन्हा बांधणी करताना भाग कसे मिळवावेत, या माझ्या लेखावर आपण तीन आक्षेप घेतले आहेत. भंगार अड्ड्यावरून भाग घ्या असे सांगणे म्हणजे गाडीमालकाला खड्ड्यात घालणे होय, हा पहिला. सगळे भाग नवे मिळतात, फोंड्याच्या किंवा मडगावच्या दुकानात नुसते विचारावे, हा दुसरा. आणि एवढा खटाटोप करण्यापेक्षा गोव्यातल्या खाणी बंद झाल्यापासून उभ्या असलेल्या एखाद्या टिप्परचे इंजिन काढून बसवावे, हा तिसरा. आपण डिचोली भागात अनेक वर्षे ट्रक चालवले आहेत आणि आपल्याकडेही एक ६९२ उघडून ठेवलेले आहे, असे आपण लिहिता. म्हणूनच हे उत्तर थोडे लांबवतो.

तिसऱ्या आक्षेपापासून सुरुवात करतो. सप्टेंबर २०१२ मध्ये आणि पुन्हा मार्च २०१८ मध्ये खाणी बंद पडल्यावर सावर्डे, कुडचडे, उसगाव, डिचोली या पट्ट्यात टिप्पर रांगेने उभे राहिले, हे खरेच आहे. परंतु त्यांतल्या बहुतेकांत ६९७ किंवा त्यानंतरचे कमिन्स इंजिन आहे. ६९२ म्हणजे सहा सिलिंडर आणि ९२ मिलिमीटरचा बोअर, म्हणजे सिलिंडरचा आतला व्यास. ६९७ म्हणजे सहा सिलिंडर आणि ९७ मिलिमीटरचा बोअर. नुसता बोअर वेगळा असता तर गोष्ट वेगळी होती. ६९२ चा स्ट्रोक (पिस्टनची वरखाली धाव) १२० मिलिमीटर आणि ६९७ चा १२८ मिलिमीटर असल्यामुळे क्रँकही, म्हणजे पिस्टनची ती धाव फिरतीत बदलणारा दांडाही, एकाचा दुसऱ्यात चालत नाही. अड्ड्यावर दोन्ही क्रँक एकाच ढिगात पडलेले असतात आणि विकणारा दोन्हींना ‘टाटाचा क्रँक’ एवढेच म्हणतो. राहिली गोष्ट अख्खे इंजिन बदलण्याची. इंजिनाचा क्रमांक ब्लॉकवर कोरलेला असतो आणि तोच नोंदणी पुस्तकात असतो. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार असा बदल नोंदणी अधिकाऱ्याच्या परवानगीविना परस्पर करता येत नाही. ज्या इंजिनाची कागदपत्रे विकणाऱ्याकडे नाहीत, ते स्वस्त मिळाले तरी पासिंगच्या वेळी गळ्याशी येते. ब्लॉक आपलाच ठेवावा, हे माझे मत त्यामुळेच ठाम आहे.

आता पहिला आक्षेप. भंगारातून सरसकट सगळे घ्या, असे मी कुठेही म्हटलेले नाही, तरीही कोणता भाग कुठून घ्यावा हे अधिक स्पष्ट सांगायला हवे, कारण प्रश्न पैशांचा तर आहेच, भरल्या गाडीच्या सुरक्षिततेचाही आहे. बेअरिंग, रिंगा, पिस्टन, लाइनर (सिलिंडरमधले बदलता येणारे अस्तर), गॅस्केट, ऑइल सील आणि कनेक्टिंग रॉडचे बोल्ट हे जुने कधीही वापरू नयेत. रॉडचा बोल्ट एकदा ताणला गेला की बाहेरून तो नव्यासारखाच दिसतो आणि चोर्ला घाटात तुटतो तेव्हा रॉड ब्लॉक फोडून बाहेर येतो. याउलट क्रँक, कॅमशाफ्ट, टायमिंग गिअर, रॉकर शाफ्टचे ब्रॅकेट, फ्लायव्हील हाउसिंग हे ओतीव किंवा घडीव भाग जुने असले तरी तपासून घेता येतात, आणि ६९२ च्या बाबतीत त्यांतले काही भाग नवे शोधत बसण्यात महिने जातात.

तपासून म्हणजे कसे, ते क्रँकच्या उदाहरणाने सांगतो. जर्नलवर, म्हणजे क्रँकच्या बेअरिंगमध्ये फिरणाऱ्या गोल भागावर, मायक्रोमीटर एकाच जागी लावून भागत नाही; एकमेकांशी काटकोनात दोन मापे घ्यावीत आणि तीच जर्नलच्या दोन्ही टोकांना पुन्हा घ्यावीत, म्हणजे तो लंबगोल झाला आहे की निमुळता, हे कळते. त्यानंतर जर्नल आणि त्याच्या बाजूचा गाल जिथे मिळतात तिथल्या कोपऱ्यावरून नख फिरवावे. तिथे गोलाई असायला हवी. घाईने ग्राइंडिंग करणारा ती गोलाई काढून धारदार कोपरा ठेवतो आणि क्रँकला चीर तिथूनच सुटते. आपल्याकडच्या पावसात उघड्यावर पडलेल्या क्रँकच्या जर्नलवर गंजाचे खड्डे पडलेले असतात. ते पुढच्या अंडरसाइझला, म्हणजे जर्नल घासून पुढच्या कमी मापावर आणल्यावर, निघतील की नाही, हे ग्राइंडिंगवाल्याला विचारूनच पैसे मोजावेत. सिलिंडरमधल्या गंजाची मला तेवढी भीती वाटत नाही, कारण लाइनर बदलता येतो.

कनेक्टिंग रॉड घ्यावाच लागला तर रॉड आणि त्याची कॅप यांवरचे क्रमांक एकच आहेत ना, हे पाहावे. दुसऱ्या इंजिनाची मेन बेअरिंग कॅप तर कधीच घेऊ नये. ती त्याच ब्लॉकवर बसवून बोअर केलेली असते.

दुसऱ्या आक्षेपात तथ्य आहे. बेअरिंग आणि रिंगा नव्या मिळतात, पण ‘६९२ ची बेअरिंग द्या’ एवढी मागणी पुरेशी नसते. शेल, म्हणजे या बेअरिंगच्या अर्धगोल पट्ट्या, स्टँडर्ड आणि ०.२५, ०.५०, ०.७५ मिलिमीटर अंडरसाइझ अशा मापांत येतात, आणि आपल्याला कोणते हवे हे क्रँक ग्राइंड झाल्याशिवाय सांगता येत नाही. आधी सेट विकत घेऊन मग क्रँक ग्राइंडिंगला देणारे मालक मी पाहिले आहेत; ग्राइंडिंगवाल्याला जर्नल साफ करण्यासाठी एक माप आणखी उतरावे लागले की तो सेट कपाटात पडून राहतो. जुना शेल फेकण्यापूर्वी उलटा करून पाठीवरचा आकडा वाचावा, म्हणजे आधीच्या मालकाने क्रँक कितव्या मापापर्यंत आणला होता, हे लगेच कळते. नवी रिंगही पिस्टनवर चढवण्याआधी लाइनरमध्ये सोडून, पिस्टनच्या डोक्याने सरळ ढकलून, तिच्या दोन टोकांमधली फट फीलर गेजने मोजावी. नकली मालाचा पुडा अस्सलासारखा छापता येतो, पण अशा मोजणीत तो सहसा उघडा पडतो.

डिझेल पंपाविषयी आपण काहीच लिहिले नाही, म्हणून एवढेच सांगतो. मायको कंपनीचा जुना पंप चांगला असेल तर तो टाकू नये. त्यातले प्लंजर आणि बॅरल जोडीनेच बदलतात, कारण ते एकमेकांत घासून बसवलेले असतात. आणि पंप बेंचवर लावून सहाही लाइनींना सारखे डिझेल येते की नाही, हे पाहिल्याशिवाय गाडीवर चढवू नये.

आपल्याकडच्या ६९२ चा क्रँक बदलावा लागेल, असे मेस्त्रींनी सांगितल्याचे आपण लिहिले आहे. त्यांनी तो मायक्रोमीटरने मोजला होता की नुसता पाहिला होता, हे कृपया त्यांना विचारावे. सातही मेन जर्नल आणि रॉड जिथे बसतात त्या सहाही क्रँकपिनांची मापे आपण इथे लिहून पाठवलीत, तर तो आणखी एका ग्राइंडिंगला पुरेल की दुसरा शोधावा लागेल, हे मी नक्की सांगू शकेन.