वाळलं का?

रेझिन म्हणजे हार्डनर मिसळला की काचेसारखं घट्ट होणारं द्रव. त्याच्या बाटलीसोबत येणाऱ्या सूचनापत्रकात सगळं असतं. हातमोजे घाला, मास्क लावा, खिडक्या उघड्या ठेवा, धूळ येऊ देऊ नका. (डोंबिवलीत यातलं शेवटचं एकच पाळता येतं किंवा त्याच्या आधीचं.) घरात आईबाबा, आजी आणि येऊनजाऊन मावशी असल्यास काय करावं, एवढंच त्यात नसतं.

चातुर्मास लागायच्या आत मावशीने लेकीचं लग्न उरकलं आणि दुसऱ्या दिवशी ओली वरमाला पिशवीत घालून माझ्याकडे आणली. "तू ते काचेसारखं करतोस ना, त्यात हे घाल. कोस्टर कर छान." ओलं फूल रेझिनमध्ये गेलं की तपकिरी पडतं आणि बुडबुडे सोडत बसतं. म्हणून पाकळ्या सोडवून ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलच्या डब्यात पुरल्या. हे जेल म्हणजे पांढरे, टपोरे, गोल दाणे. आषाढीच्या आदल्या रात्री आई तो डबा भिजत घालायला निघाली होती. "साबुदाण्यात गुलाब कुणी टाकले?" असं ती ओरडली, म्हणून घरादाराचा उपास सुखरूप पार पडला.

मग मिश्रण. माझ्या बाटलीवर प्रमाण होतं दोन भाग रेझिन, एक भाग हार्डनर. मी वजनकाट्यावर थेंब थेंब मोजतोय हे आईला बघवेना. "सोनं विकतोयस का? अंदाजाने घाल की!" मावशीचा सल्ला त्याहून पुढचा: "ते घट्ट व्हायचं औषध जरा सढळ हाताने घाल, लवकर वाळेल." तिला मी लग्नाच्याच भाषेत समजावलं की इथे प्रत्येकाची जोडी जमावी लागते, जास्तीचं हार्डनर बिनजोडीचं राहतं आणि जन्मभर चिकटत बसतं. "आमच्या धाकट्या दिरासारखं," मावशी म्हणाली आणि विषय वेगळ्याच घरात गेला.

बाबांचा स्वभाव काटकसरी. उरलेलं रेझिन वाया जायला नको म्हणून त्यांनी सगळ्या वाट्यांतलं निपटून एकाच कपात भरलं. रेझिन घट्ट होताना उष्णता सोडतं. पातळ थरात ती निघून जाते. कपात ढीग केला की कोंडते. थोड्याच वेळात कपातून धूर निघायला लागला. "अरे, हे गॅसशिवाय उकळतंय!" बाबा गॅलरीतून अभिमानाने ओरडले. १९३०च्या दशकात स्वित्झर्लंडचे पिएर कास्तां कृत्रिम दातांसाठी द्रव्य शोधत होते, त्यातूनही हे प्रकरण पुढे आलंय, असं मी सांगितल्यावर मात्र त्यांनी आपली कवळी काढून उजेडात नीट निरखली.

पण ही सगळी किरकोळ विघ्नं. साच्यात ओतलं, लायटरची ज्योत झर्रकन फिरवून बुडबुडे फोडले, दमट हवेत वर दुधाळ साय धरू नये म्हणून ट्रे घरातल्या एकमेव एसीखाली, म्हणजे बाबांच्या खोलीत ठेवला. आता चोवीस तास हात लावायचा नाही, आणि पूर्ण कडक व्हायला बहात्तर. इथे खरी परीक्षा सुरू होते.

कारण आमच्या घरात वाळत घातलेल्या वस्तूला बोट लावून बघणं हे कर्तव्य आहे. पापड, कुरडया, सांडगे, भिंतीचा रंग, कशालाही सूट नाही. मी पाटी लावली. पाटी वाचायला जवळ आलेल्यांनी बोट लावलं. शेजारच्या काकू विरजण मागायला आल्या, त्यांनीही जाताजाता चाचपून "अजून ओलंच आहे हो" असा अहवाल दिला. पंख्याखाली ठेव म्हणणारे वेगळेच. यातून काही उडून जायचंच नसतं, मग पंखा करणार काय? धूळ आणून घालणार.

सकाळी पाहतो तर सगळ्यात सुंदर पाकळीच्या बरोब्बर वर अंगठा! आडव्या, उभ्या, गोल फिरलेल्या बारीक रेषा, मधोमध विळी लागल्याची जुनी खूण. आधार केंद्रावर आजीचा ठसा कधीच उमटत नाही. तिथली मुलं तिचा अंगठा पुसून, चोळून, दाबून हात टेकतात. इथे तो पहिल्याच झटक्यात छापील आला होता. "मी नाही हो," आजी पदराला अंगठा पुसत म्हणाली.

मावशीला कोस्टर पसंत पडले. लगेच त्यावर वाफाळता चहा ठेवून उद्घाटन झालं. साधं रेझिन पन्नास-साठ अंशांनाच मऊ पडायला लागतं, हे मी सांगेपर्यंत कपाच्या बुडाचा गोल वळ उठलासुद्धा. आता कोस्टर खराब होऊ नये म्हणून त्यावर आईने विणलेला रुमाल असतो, रुमालावर बशी आणि बशीत कप.