टॉवर रानात, सातबारा नावावर, मग हक्क कुणाचा?

"माझ्या सहीशिवाय विजेच्या लाइनच्या टॉवरसाठी रानात खड्डा खणू देणार नाही," बापू आल्या आल्या कडाडला.

"खणतीलही," वकील म्हणाला. "आधी कंपनीकडे कुठला अधिकार आहे ते बघ."

झालं, कट्टा पेटला. वकिलानं फोड करून सांगितलं. 2003 च्या वीज कायद्याचं कलम 67 आणि त्याखालचे 2006 चे नियम लागू असतील तर मालकाची आगाऊ संमती लागते. नकार दिलास तर त्यांना कलेक्टरकडे जावं लागतं. पण सरकारनं त्याच कायद्याच्या कलम 164 खाली आदेश काढला असेल, तर कंपनीला 1885 च्या टेलिग्राफ कायद्याचे अधिकार मिळतात. मग संमतीचा प्रश्नच उरत नाही. पॉवरग्रिड (केंद्राची वीजवाहिन्यांची कंपनी) विरुद्ध सेंच्युरी टेक्स्टाइल्स खटल्यात सर्वोच्च न्यायालयानंही हेच धरलं.

"म्हणजे जमीन गेलीच की!"

"नाही रे. त्यांना फक्त वापराचा हक्क, मालकी तुझीच. कमीत कमी नुकसान आणि पूर्ण भरपाई, दोन्ही त्यांच्यावर बंधनकारक."

मास्तर मध्येच म्हणाले, "प्रत्येकानं अडवलं तर वीज पोचायची कशी?"

इथं मला राहवलं नाही. लाइन कुठून तरी जाणारच, पण तिची किंमत एकाच शेतकऱ्यानं का मोजायची? टॉवरच्या चार पायांमधे ट्रॅक्टर शिरत नाही. तेवढा तुकडा हातानं खुरपायचा, नाहीतर तिथं तण माजतं आणि घुशी बिळं करतात. तारांखाली आंबा लावता येत नाही, घर बांधता येत नाही. 400 केव्ही (किलोव्होल्ट) लाइनचा, म्हणजे तारांखालच्या अशा बंधनातल्या जमिनीचा, पट्टा साधारण 46 मीटर रुंद. रानातून शंभर मीटर लाइन गेली की एकराहून जास्त जमीन अडकली. जून 2024 च्या केंद्राच्या मार्गदर्शक तत्त्वांत टॉवरच्या पायासाठी भरपाई जमिनीच्या किमतीच्या 200 टक्के ठरली आणि पट्ट्यासाठी 30. (2015 मधे हेच 85 आणि जास्तीत जास्त 15 होते.) ही तत्त्वं 66 केव्ही आणि त्यावरच्या टॉवरच्या लाइनसाठी. माझ्या मते पट्ट्याचे 30 टक्के अजूनही कमीच आहेत. बिगरशेतीच्या उंबरठ्यावरची जमीन असेल तर फारच कमी.

"कलेक्टरनं रक्कम ठरवली की संपलं," बापू म्हणाला.

"संपत नाही!" वकील म्हणाला. "जिल्हा न्यायाधीशाकडे जाता येतं. जमीन कुठं आहे, लाइन तिच्यावरून किती जाते, मधोमध जाते का, हे सगळं भरपाईत धरायला हवं, असं सर्वोच्च न्यायालयानं 2007 मधेच सांगितलंय. म्हणून पंचनामा होताना तिथं उभा राहा. प्रत्येक झाड, विहीर, पाइपलाइन लिहून घे, फोटो काढ."

"आणि पुढं मुलाला तिथंच घर बांधायचं झालं तर?"

"टेलिग्राफ कायद्याच्या कलम 17 खाली लाइन हलवायची मागणी करता येते. मात्र भरपाई घेतली असेल, तर हलवण्याचा खर्च किंवा भरपाईची निम्मी रक्कम, यातलं जे कमी असेल ते तुला आधी भरावं लागतं."

"माझ्याच जमिनीत घर बांधायला मीच पैसे भरू?" बापू पुन्हा उसळला. या प्रश्नावर मी बापूच्याच बाजूनं होतो. मास्तर नव्हते.