डांबराच्या गोळ्यांच्या भरवशावर गाडी सोडू नका

‘थंडीत गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर बॉनेटखाली डांबराच्या गोळ्या टाका, उंदीर फिरकत नाही’ हा मेसेज नाशिकच्या सोसायट्यांमध्ये फिरतोय. तो खरा नाही. बॉनेटखालची जागा खालून उघडी, तिथे वास टिकत नाही. उलट ती वाफ एसीवाटे आत शिरते आणि ती श्वासात जाणं चांगलं नाही.

उंदराला तिथे ऊब आणि आडोसा हवा असतो. पुढचे दात जन्मभर वाढत असल्याने तो वायरी कुरतडतो. लहान उंदराला ६ मिलिमीटरची फटही पुरते. म्हणून एअर फिल्टरच्या तोंडाशी बारीक स्टीलची जाळी बसवा (मेकॅनिकला विचारूनच, हवा अडायला नको). सीटखालचा चिवड्याचा चुरा आधी झाडा. विषाची वडी मात्र गाडीत नकोच: उंदीर डॅशबोर्डमागे मेला, तर तो उघडूनच काढावा लागेल.