हौशी पोरं आणि माझी लेक: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. पहिल्यांदा राग आला, लपवत नाही. दिव्यांग मुलामुलींनी चारचौघांच्या जिममध्ये, कॉलेजच्या विद्यार्थ्यांच्या सोबतीनं व्यायाम करावा असं मी लिहिलं होतं. फिजिओथेरपिस्ट म्हणून तुमचं म्हणणं असं, की हे हौशी पोरांचं काम नाही, कार्यक्रम संपला की सगळं मूळपदावर येतं, आणि असल्या लेखांनी आईबाप भलत्या आशेला लागतात.

शेवटच्या आक्षेपापासून सुरुवात करते, कारण तिथे तुमचं बरोबर आहे. ‘ताकद वाढली की रोजची कामं आपोआप सोपी होतात’ हे वाक्य मी मागे घेते. ऑस्ट्रेलियात डाउन सिंड्रोम (जन्मतः एक गुणसूत्र जास्त असणं) असलेल्या 14 ते 22 वयाच्या 68 जणांना घेऊन एक चाचणी झाली, 2013 मध्ये ती छापून आली. दहा आठवडे, आठवड्यातून दोनदा, फिजिओथेरपीच्या विद्यार्थ्यांबरोबर वजनांचा व्यायाम. हातापायांतली ताकद वाढली, पण वजनदार खोकी रचणं, भरलेली बादली वाहून नेणं अशा कामांत म्हणावा तसा फरक पडला नाही. हे मला ठाऊक होतं, तरी लिहिताना जीभ सैल सुटली. आईची जीभ, दुसरं काय.

सुरक्षिततेसाठी हे हौशी पोरांचं काम नाही, हे मात्र अर्धंच मान्य. डाउन सिंड्रोम असलेल्या मुलांपैकी जवळपास निम्म्यांना जन्मतः हृदयदोष असतो, काहींच्या मानेचे वरचे दोन मणके सैल असतात, तेव्हा डॉक्टरांनी तपासल्याशिवाय वजनाला हात लावायचा नाही. नाडी जास्तीत जास्त किती चढेल याचं ‘220 वजा वय’ हे गणितही इथे चालत नाही, कारण ही मुलं कितीही दमली तरी त्यांची नाडी इतरांइतकी चढत नाही. आकडा गाठायला म्हणून ट्रेनर दामटवत राहिला तर तो चुकतोय. हे सगळं ठरवून द्यायला तुम्हीच हवेत. पण प्रत्येक वेळी शेजारी उभं राहायलाही तुम्हीच? जागतिक आरोग्य संघटनेनं 2020 मध्ये दिव्यांग मुलांसाठीही तेच सांगितलं जे बाकीच्यांसाठी: 5 ते 17 वयात रोज सरासरी 60 मिनिटं दम लागेल अशी हालचाल. रोज तासभर देणारा थेरपिस्ट कुणाला मिळतो? आणि एक टोचणारं बोलते, राग मानू नका. सेरेब्रल पाल्सीच्या (मेंदूतल्या इजेमुळे हालचालीवर ताबा राहत नाही अशा) मुलांना एके काळी वजनं उचलू देत नसत, स्नायूंचा ताठरपणा वाढेल म्हणून. पुढे तपासून पाहिलं तर तो वाढत नव्हता. ती बंदी हौशी पोरांनी घातलेली नव्हती.

शिवाय माझी लेक जन्मल्यापासून पेशंट आहे. तिला तपासणारे हात तिनं मोजले नसतील इतके पाहिलेत. जिममध्ये लेग प्रेसवर (पायांनी वजन ढकलायच्या मशीनवर) शेजारच्या मुलीनं तिला ‘झालं का तुझं? मला बसायचंय’ म्हटलं, तेव्हा ही इतकी खूश झाली की उठायचंच विसरली.

आता कार्यक्रम संपल्यावरचं. ऑस्ट्रेलियातल्या त्या चाचणीत सुरुवातीपासून 24 आठवड्यांनी, म्हणजे व्यायाम थांबून तीनेक महिने झाल्यावरही, मुलांची हालचाल वाढलेली दिसली. माझ्या घरी तसं झालं नाही. लेकीबरोबर व्यायाम करणाऱ्या कॉलेजच्या सोबतीणीची परीक्षा आली, ती यायची थांबली, आणि माझी लेक बॅग भरून दाराशी बसून राहिली. मला वाटलं सोबत हवी म्हणून अडलंय. तसंही होतं, पण खरी अडचण वेगळीच निघाली. सीट कितव्या खाचेत लावायची, वजन ठरवणारी पिन कुठे खोचायची, हे सगळं सोबतीणीच्या डोक्यात होतं. मग प्रत्येक मशीनचा फोटो काढला, त्यावर खाचेचा नि वजनाचा आकडा मोठ्ठा लिहिला आणि कार्डं कडीत ओवली. बारा वेळा झालं की ती कार्डावर एक टिकली चिकटवते. आता मी नुसती आणते-सोडते. ज्या दिवशी मला जमत नाही त्या दिवशी व्यायाम बुडतो, तिथे तुमचा आक्षेप अजून शाबूत आहे.

एक काम कराल? काय दिसलं की सोबत्यानं तिथल्या तिथे थांबायचं आणि कुणाला कळवायचं, हे साध्या भाषेत पानभर लिहून द्या. मानेचं आधी लिहा. विद्यार्थ्यांची नवी तुकडी यायच्या आत मिळालं तर त्यांच्या हातात तेच ठेवीन.