पेडल बसलं म्हणजे क्लच प्लेट गेली, हे खरं नाही

जुन्या ट्रकवाल्यांमध्ये एक सल्ला हातोहात फिरतो आहे. तो असा : "क्लच पेडल खाली बसायला लागलं की प्लेट संपली. गिअरबॉक्स उतरवा आणि पूर्ण सेट बदला. तोवर पेडल दोन-तीनदा पंप करून गाडी चालवा. ऑइल कमी झालं तर हाताशी असेल ते टाका. पेडल कडक असेल तर चांगलंच, प्रेशर प्लेट दमदार आहे." या सल्ल्यापायी धडधाकट प्लेटा भंगारात गेलेल्या मी पाहिल्या आहेत. म्हणून एकेक मुद्दा घेतो.

"पेडल बसलं की प्लेट संपली."

इथे दोन वेगळे आजार एकात मिसळले आहेत. क्लच घसरणं, म्हणजे इंजिनचा जोर गिअरबॉक्सपर्यंत पुरता न पोचणं, हा एक आणि क्लच न सुटणं, म्हणजे पेडल दाबूनही इंजिन आणि गिअरबॉक्स वेगळे न होणं, हा दुसरा. प्लेट झिजली की क्लच घसरतो. चढावर, वरच्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर दाबला की इंजिनचा आवाज चढतो, पण गाडी त्या मानाने वेग घेत नाही, आणि जळका वास येतो. गिअर मात्र नेहमीसारखे पडतात. पेडल तळाला जातं तेव्हा उलट होतं. क्लच पुरता सुटत नाही, गिअर टाकताना खरखर होते, रिव्हर्स पडत नाही, पेडल पूर्ण दाबलेलं असूनही गाडी पुढे सरकू पाहते. झिजलेल्या प्लेटचं हे लक्षण नव्हे.

आतलं काम समजून घेतलं तर हे लगेच पटेल. क्लच प्लेटला इंजिनच्या जड चाकावर, म्हणजे फ्लायव्हीलवर, दाबून धरते ती प्रेशर प्लेट. तिला जोर देते पाकळ्यांची डायफ्राम स्प्रिंग, आणि पेडल दाबल्यावर त्या पाकळ्या ढकलून क्लच सोडवतं ते रिलीज बेअरिंग. प्लेट पातळ होते तशी प्रेशर प्लेट फ्लायव्हीलकडे सरकते आणि पाकळ्यांची टोकं रिलीज बेअरिंगच्या दिशेने बाहेर येतात. केबल किंवा दांड्यांच्या क्लचमध्ये त्यामुळे फ्री प्ले, म्हणजे पेडलची सुरुवातीची मोकळी हालचाल, कमी होतो आणि क्लच पेडलच्या वरच्या टप्प्यातच सुटू लागतो. म्हणजे पेडल बसत नाही, उलट वर धरतं. हायड्रॉलिक क्लचमध्ये पेडलपाशी मास्टर सिलिंडर असतं, ते पाइपातून ऑइल ढकलतं, आणि त्या ऑइलने गिअरबॉक्सपाशी स्लेव्ह सिलिंडरचा पिस्टन सरकून क्लच सुटतो. तिथे स्लेव्हचा पिस्टन तेवढाच मागे ढकलला जातो, आणि पेडलला फारसं काही जाणवतही नाही.

मग दोष शोधायचा कुठे? माझी पहिली तपासणी नेहमी एकच असते : स्लेव्ह सिलिंडरचा पुश रॉड (पिस्टनला लागलेली दांडी) किती सरकतो ते मोजणं. गाडी सपाट जागी, चाकांना अडण, इंजिन बंद, गिअर न्यूट्रलमध्ये. एकाने पेडल तळापर्यंत दाबायचं, दुसऱ्याने खाली पट्टी धरायची. आकडा त्या गाडीच्या मॅन्युअलशी ताडून पाहायचा. सरक कमी असेल, तर गिअरबॉक्सच्या एकाही बोल्टला पाना लावायचं कारण नाही. दोष पेडल आणि स्लेव्ह यांच्यामध्येच आहे.

पेडलपाशी थोडी ढिलाई आली तरी काय फरक पडतो ते हिशेबात पाहा. समजा मास्टर सिलिंडरचा व्यास १९ मिमी आहे आणि स्लेव्हचा २२ मिमी. मास्टरचा पिस्टन ३० मिमी सरकला तर स्लेव्हचा साधारण २२ मिमी सरकतो. आता पेडलच्या झिजलेल्या बुशा आणि पुश रॉडची लंबगोल झालेली पिन यांनी मधले ५ मिमी खाल्ले. स्लेव्हला उरतात जेमतेम साडेअठरा. तेवढ्यात क्लच अर्धवटच सुटतो. मी स्वतः एकदा असा गिअरबॉक्स उतरवला आहे. प्लेटवर भरपूर जाडी शिल्लक होती आणि दोष निघाला त्या बोटभर पिनेत. तेव्हापासून मी आधी पेडलखाली डोकं घालतो. जुन्या गाडीत आणखी एक गोष्ट पाहावी : ज्या पत्र्यावर मास्टर सिलिंडर बसवलेलं असतं तो पत्रा. कुणाला तरी पेडल दाबायला सांगून सिलिंडरकडे बघत राहा. पत्रा तडकला असेल तर सगळं सिलिंडरच पुढे झुकताना दिसतं, आणि पायाची हालचाल तिथेच वाया जाते.

हे सगळं ठीक असेल तर सिलिंडरांच्या आत ऑइल अडवणाऱ्या रबरांकडे वळायचं. पेडल एकाच जोराने दाबून धरा. ते हळूहळू खाली जात असेल, पण बाहेर कुठेही ओल नसेल आणि क्लच ऑइलच्या टाकीतली पातळी तशीच असेल, तर मास्टरच्या आतलं रबर ऑइल मागे सोडतंय. पेडलच्या मागचा पत्रा किंवा पुश रॉड ओला असेल तर मास्टरचं मागचं रबर गेलं. स्लेव्हचं धूळ-टोपण उचलून आत पाहा. बाहेरून कोरडं दिसणारं टोपण आतून भरलेलं निघतं. नवं रबर घालण्याआधी सिलिंडरच्या आतून नख फिरवा. खड्डे लागले तर रबरांचं किट घालून उपयोग नाही, ते रबर लवकरच फाटेल. सिलिंडरच बदला.

"तोवर पंप करून चालवा."

पंप केल्यावर पेडल वर येतं, ही मोलाची खूण आहे. बहुधा आत हवा शिरली आहे किंवा रबर सुटत चाललं आहे. पण ही खूण निदानासाठी आहे, हजार मैल रेटण्यासाठी नाही. अर्धवट सुटणाऱ्या क्लचवर टाकलेला प्रत्येक गिअर सिंक्रो रिंग (गिअर जुळण्याआधी त्यांचा वेग सारखा करणारी कडी) आणि दात खातो. गर्दीत गिअरमध्ये थांबताना पेडल तळाला गेलं तर गाडी पुढच्यावर जाते.

हवा काढताना एकाने पेडल दाबून धरायचं, मग स्लेव्हवरचा हवा काढायचा स्क्रू सैल करायचा, बुडबुडे आले की स्क्रू घट्ट, आणि त्यानंतरच पेडल सोडायचं. टाकी मध्येच रिकामी झाली तर पुन्हा पहिल्यापासून. काही गाड्यांत हा स्क्रू स्लेव्हच्या सर्वांत उंच जागी येत नाही. तिथे स्लेव्ह सोडवून स्क्रूची बाजू वर करावी लागते, नाहीतर एक बुडबुडा आतच बसतो आणि माणूस तासन्‌तास पेडल मारत राहतो. आणि हवा शिरली कुठून हे शोधलं नाही, तर चार दिवसांनी पेडल पुन्हा मऊ होणार.

"हाताशी असेल ते ऑइल टाका."

हे वाक्य वाचून मला खरोखर राग येतो. बहुतेक जुन्या ट्रकांच्या क्लचला डॉट ३ किंवा डॉट ४ ब्रेक ऑइल लागतं. ते ग्लायकोलवर आधारलेलं असतं आणि आतली रबरं त्याच्यासाठीच बनवलेली असतात. इंजिन ऑइल, डिझेल किंवा स्टिअरिंगचं ऑइल पडलं की ती रबरं फुगतात. काही गाड्यांत क्लच आणि ब्रेक यांची टाकी एकच असते. तिथे चुकीचं ऑइल टाकणं म्हणजे ब्रेकवरच घाला. थोड्या गाड्यांना मिनरल ऑइल लागतं, म्हणून टाकीच्या झाकणावर लिहिलेलं वाचा. आत काय पडलंय याची शंका असेल तर एक थेंब पाण्यात टाका. ग्लायकोलचं ब्रेक ऑइल पाण्यात मिसळतं, खनिज तेल वर तरंगतं. तरंगलं, तर पाइप धुऊन मास्टर, स्लेव्ह आणि लवचीक होज यांची सगळी रबरं बदलण्यावाचून गत्यंतर नाही.

शिवाय 'ऑइल कमी झालं' यातच उत्तर आहे. ब्रेकचे पॅड झिजले की टाकीतली पातळी उतरते, पण क्लचची प्लेट झिजते तसा स्लेव्हचा पिस्टन मागे सरकून ऑइल टाकीकडे परत ढकलतो. क्लचची पातळी उतरत असेल तर ती गळतीच.

"कडक पेडल म्हणजे दमदार प्रेशर प्लेट."

गंमत अशी की झिजलेल्या प्लेटकडे बोट दाखवणारं लक्षण कुठलं असेल तर हे आहे. प्लेट पातळ होत जाते तसा डायफ्राम स्प्रिंगच्या क्लचमध्ये पेडलचा जोर वाढत जाऊ शकतो. बाकी कारणं साधी : रिलीज बेअरिंग ढकलणाऱ्या फोर्कचा टेकू कोरडा पडला, केबलच्या तारा उसवल्या, रबर फुगलं. मोठ्या ट्रकांत हवेची मदत देणारा बूस्टर असतो. हवेचा दाब कमी असेल तर पेडल दगडासारखं लागतं.

पेडल सावकाश वर येणं या सल्ल्यात नाहीच. आतून सुजलेला होज ऑइल जाऊ देतो, परत येऊ देत नाही. क्लच अर्धवट दाबलेला राहतो आणि चांगली प्लेटही घसरते. मास्टरचा पुश रॉड पिस्टनला कायम टेकलेला असला तरी हेच होतं, कारण परतीचं बारीक छिद्र उघडतच नाही.

गिअरबॉक्स उतरवावा लागतो, तोही कधीकधी. स्लेव्ह पुरता सरकतो आणि तरीही क्लच सुटत नाही, तेव्हा दोष आत आहे : फोर्क वाकला, पायलट बेअरिंग (इनपुट शाफ्टचं पुढचं टोक पेलणारं) जाम झालं, किंवा महिनोन्‌महिने उभ्या गाडीत प्लेट गंजून फ्लायव्हीलला चिकटली. स्लेव्ह इनपुट शाफ्टभोवतीच, म्हणजे गिअरबॉक्समध्ये जोर नेणाऱ्या दांड्याभोवतीच, बसवलेला असेल तर त्याची गळती बेल हाउसिंगच्या, म्हणजे क्लचवरच्या घंटेच्या आकाराच्या कवचाच्या, तळातून ठिबकते, आणि तिथेही दुसरा मार्ग नाही. एकदा उतरवलाच, तर नवी प्लेट बसवण्याआधी ती इनपुट शाफ्टच्या खाचांवर हाताने पुढे-मागे सरकवून पाहा. अडखळली तर खाचा साफ करा, गंज काढा, ग्रीसचा अगदी पातळ हात द्या आणि उरलेलं पुसून टाका, कारण ते प्लेटवर उडालं की नवा क्लच पहिल्याच चढावर घसरेल.