घाम आलेली रोपं

वरच्या मजल्यावरचे काका शिडी परत द्यायला आले. मी पाणी दिलं. त्यांनी अर्धा पेला प्यायला आणि उरलेला, मी तोंड उघडायच्या आत, ट्यूबलाइटखाली कपात लावलेल्या भोपळ्याच्या रोपावर रिकामा केला.

"सुकलंय रे बिचारं."

सुकलं नव्हतं, बुडलं होतं. माती ओली आणि रोपाने मान टाकलेली, असं दिसलं की मुळांना हवा मिळत नाहीये किंवा ती कुजायला लागलीत. अशा रोपाला पाणी घालणं म्हणजे गटांगळ्या खाणाऱ्याला तहान लागली का म्हणून विचारणं. माती कोरडी आणि मान टाकलेली असेल तर गोष्ट वेगळी, मग पाणी द्या, तासाभरात उभं राहतं. दिसायला दोन्ही सारखीच. फरक कळतो तो कप उचलल्यावर. कोरडा कप हाताला पिसासारखा लागतो, ओला जड लागतो. पण काकांनी कप उचलला नाही, पेला उचलला.

"काकडी ना ही?"

"भोपळा आहे, काका."

"एकच की."

कुळ एकच, हे खरं. असले लोक नेहमी पाव टक्का बरोबर असतात, त्यामुळे धड भांडताही येत नाही.

मग ते खुर्ची ओढून बसले. शिडी दारातच आडवी.

"ही खालची पानं वेगळी कशी? रोग दिसतोय."

"ती बीजपत्रं आहेत. बियातच असतात. खरी पानं नंतर येतात."

"म्हणजे ही खोटी."

"खोटी नव्हेत. रोपाचा पहिला शिधा त्यांच्यातच असतो."

"पिवळी पडली तर?"

"दोन-तीन खरी पानं आल्यावर पडली तर चालतं. त्याआधी पडली तर काहीतरी बिघडलंय."

"मग मी चुकीचं काय बोललो?"

ते अजून काहीच बोलले नव्हते! पुढच्या कपातल्या पानांच्या कडेला पाण्याचे बारीक थेंब होते. काका कळवळले. "अरे, घाम आलाय त्याला! पंखा लाव." मातीत भरपूर ओल आणि हवा दमट असली की रात्री मुळं पाणी वर ढकलतात आणि ते पानांच्या कडेने बाहेर पडतं. तो रोग नाही. पंखा मात्र हवाच होता, तोही मंद. झुळूक लागली की खोड जाड होतं आणि मातीचा वरचा थर लवकर सुकतो. चुकीच्या कारणासाठी अचूक उपाय सुचवणाऱ्या माणसाचं काय करावं, हे मला या वयातही कळलेलं नाही.

एका रोपाच्या डोक्यावर बियाचं टरफल अडकलेलं. "याने टोपी घातलीय," काका खूश. भोपळ्याचं बी फुटताना मूळ आणि खोड यांच्या सांध्यावर एक बारकी खुंटी येते. ती टरफलाची कड दाबून धरते, खोड वर ताण देतं आणि टरफल मातीत मागे राहतं. डार्विनने 1880 साली याचं वर्णन करून ठेवलंय. 1998 मध्ये अवकाशयानात काकडीचं बी रुजवलं, तर तिथे वजनरहित अवस्थेत एकीऐवजी दोन खुंट्या आल्या, दोन बाजूंना दोन. म्हणजे कुठली बाजू खालची, हे बी गुरुत्वाकर्षणाला विचारून ठरवतं. मी हे सगळं काकांना सांगितलं. ते म्हणाले, "ओढून काढ ना." ओढायचं नसतं, पान तुटतं. टरफलावर पाण्याचा थेंब ठेवायचा, दहा मिनिटांनी अलगद सोडवायचं. आणि पुढच्या वेळी बी दोन ते अडीच सेंटिमीटर खोल लावायचं. वरवर लावलं की टोपी राहते.

मग त्यांची नजर शेवटच्या कपावर गेली. काडीसारखं बारीक, पांढुरकं, लांबच लांब खोड आणि टोकाला दोन केविलवाणी पानं. अख्ख्या ट्रेमधलं सगळ्यात आजारी रोप.

"हे मात्र मस्त वाढलंय!"

मी गप्प बसलो, कारण चूक माझी होती. उगवायला मातीत 25 ते 30 अंश ऊब लागते, पण अंकुर वर आला की ऊब कमी करून उजेड वाढवायचा असतो. दिवसाला 14 ते 16 तास, ट्यूब पानांपासून पाचेक सेंटिमीटरवर. मी दोन दिवस उशीर केला. ऊब भरपूर आणि उजेड कमी, की रोप उजेड शोधत ताणतं, आणि एकदा ताणलेलं खोड पुन्हा आखडत नाही. काकांनी त्याची पाठ थोपटायचीच काय ती बाकी ठेवली.

"खत घाल थोडं सगळ्यांना," उठता उठता म्हणाले.

हे दुसरं. पाणी नाहीतर खत, जगाकडे तिसरं औषध नाही. फोनमधल्या एका ॲपला फोटो दाखवला, तर त्याने सांगितलं, "पाणी जास्त झालं असेल किंवा कमी." अहो, एवढं तर काकाही सांगतात, आणि ते शिडी तरी परत आणतात. पिवळं पडलंय म्हणे. कुठलं पान पिवळं पडलंय ते तर बघा! खालची जुनी पानं फिकी पडली तर नत्र कमी, मग खत द्या, तेही पाव मात्रेत. वरचं कोवळं पान पिवळं आणि शिरा हिरव्या असतील तर लोह पोचत नाहीये, आणि पुष्कळदा त्याचं कारण चिंब मातीत दमलेली मुळं हेच असतं. कडा करपल्या असतील तर खत आधीच जास्त झालंय. पानावर रुपेरी ठिपके दिसले तर अंगठ्याने चोळा. पूड निघाली तर भुरी, म्हणजे पानावरची बुरशी. नाही निघाली तर तो वाणाचाच रंग, झुकिनीत सर्रास असतो, फवारणीची बाटली खाली ठेवा. खोड मातीलगत दोऱ्याने आवळल्यासारखं बारीक होऊन रोप आडवं झालं, तर ते गेलं. बुरशी आहे, कपासकट बाहेर काढा, शेजारच्या कपांचं पाणी तोडा. ओल्या मातीवर बारीक काळी चिलटं उडायला लागली तर त्यांच्या अळ्या कोवळी मुळं खातायत, वरचा थर सुकू द्या आणि पिवळा चिकट सापळा लावा.

दारात काका थांबले. "आम्ही तर सरळ खड्ड्यात बी टाकायचो आणि विसरून जायचो. ढीगभर भोपळे!"

यावर माझ्याकडे उत्तर नाही. जमीन उबदार असेल तर भोपळा थेट जागेवर लावलेलाच बरा. त्याला मुळं हलवलेली खपत नाहीत, म्हणून तर तीन-चार आठवड्यांच्या आत, मुळं कपात गोल फिरायच्या आधी, रोप बाहेर हलवावं लागतं. ही सगळी घरातली मांडामांड थंडी लांबते तिथल्या लोकांसाठी किंवा माझ्यासारख्या उतावळ्यांसाठी. पण म्हणून दुसऱ्याच्या कपात पेला ओतायचा?

आज पाचवा दिवस. तो कप रोज सकाळी उचलून बघतो. अजून जडच लागतोय. काल जिन्यात काका भेटले आणि काकडी कशी आहे म्हणून विचारलं.