व्हिप नसलेल्या सभागृहातला खासदार

महाराष्ट्रात 2022 पासून आमदार अपात्रतेवर खूप बोलले गेले. आमदार सभागृहात काय विचारतो यावर फारच थोडे. नेदरलँड्समध्ये राहून ही चर्चा ऐकणाऱ्यांनी डच खासदार पीटर ओम्तसिख्त यांची कारकीर्द तिच्याशेजारी ठेवून पाहावी.

अर्थमितीत डॉक्टरेट केलेले ओम्तसिख्त 2003 मध्ये सीडीए या ख्रिश्चन डेमोक्रॅट पक्षातर्फे खासदार झाले. 2012 मध्ये पक्षाने त्यांना यादीत 39 व्या क्रमांकावर ढकलले, आणि पक्षाला जागा मिळाल्या अवघ्या 13. तरीही ते निवडून आले, कारण इथे सगळा देश एकच मतदारसंघ आहे आणि मतदार यादीतल्या एका नावापुढचे वर्तुळ लाल पेन्सिलने भरतो. एकूण वैध मतांना 150 ने भागायचे. येणाऱ्या आकड्याच्या चौथ्या हिश्शाइतकी मते स्वतःच्या नावावर पडली, की पक्षाच्या जागांमध्ये त्या उमेदवाराचा हक्क आधी लागतो. तेव्हा सुमारे 15,700 मते पुरेशी होती. त्यांना मिळाली 36,750.

या बळावर त्यांनी पुढे आपल्याच आघाडी सरकारला धारेवर धरले. पाळणाघराच्या अनुदानात एखादी सही किंवा पावती राहिली, तरी कर खाते वर्षाचे सगळे अनुदान परत मागत होते. हजारो पालक कर्जात बुडाले. दुहेरी नागरिकत्वाची नोंद संशयासाठी वापरली गेली. ओम्तसिख्त आणि विरोधी समाजवादी पक्षाच्या रेन्स्के लेइटन यांनी लेखी प्रश्नांचा मारा केला. उत्तर अपुरे आले, की राज्यघटनेचे कलम 68 पुढे करून पुन्हा तोच प्रश्न. या कलमाने एकट्या खासदारालाही मंत्र्याकडून माहिती मागता येते. अखेर याच प्रकरणावरून 15 जानेवारी 2021 रोजी पंतप्रधान मार्क रुटे यांच्या सरकारने राजीनामा दिला.

त्याच वर्षी मार्चमधल्या निवडणुकीत ओम्तसिख्त यांना 3,42,472 वैयक्तिक मते पडली. जूनमध्ये त्यांनी पक्ष सोडला, खासदारकी मात्र कायम राहिली. पक्ष सोडणाऱ्याला इथे बोलायला वेळ आणि निधी कमी मिळतो, एवढीच किंमत.

आपल्याकडे 1985 च्या दहाव्या अनुसूचीमुळे, म्हणजे पक्षांतरबंदी कायद्यामुळे, व्हिपविरुद्ध (पक्षाच्या मतदान-आदेशाविरुद्ध) मत दिले, किंवा परवानगीविना गैरहजर राहिले, तरी सदस्यत्व जाऊ शकते. म्हणजे विधेयक चुकीचे वाटणारा एकटा आमदार सापडतो. गट करून गेलेले निसटतात. शिवसेनेच्या फुटीवर विधानसभा अध्यक्षांनी 10 जानेवारी 2024 ला निकाल दिला, त्यात दोन्ही बाजूंचा एकही आमदार अपात्र ठरला नाही. व्हिपभंगाची अपात्रता विश्वास आणि अविश्वास ठरावापुरतीच ठेवावी, असे दिनेश गोस्वामी समितीने 1990 मध्येच सुचवले होते. ती शिफारस आता तरी स्वीकारावी. 2023 मध्ये परदेशी तज्ज्ञांची 30 टक्के करसवलत टप्प्याटप्प्याने घटवणारी दुरुस्ती ओम्तसिख्त यांनी आणली. इथल्या मराठी अभियंत्यांना ती झोंबली, पण एकट्या खासदाराला अशी दुरुस्ती मंजूर करून घेता येते हे महत्त्वाचे.

डच पद्धतीचा कच्चा दुवाही त्यांच्यातच दिसतो. ऑगस्ट 2023 मध्ये काढलेल्या त्यांच्या एनएससी पक्षाने तीन महिन्यांत 20 जागा जिंकल्या. पण ती मते त्यांच्या नावाला होती. खाली कार्यकर्ते, नगरसेवक, शाखा उभ्या राहायला वेळच मिळाला नाही. अतिउजव्या खेर्ट विल्डर्स यांच्या पक्षासोबत सत्तेत गेल्यावर मतदार दुरावले, एप्रिल 2025 मध्ये प्रकृतीमुळे ओम्तसिख्त राजकारणातून बाहेर पडले आणि ऑक्टोबरच्या निवडणुकीत पक्षाला एकही जागा मिळाली नाही.